चार ओळी वर

पत्र:

आमची नऊ वर्षांची कुत्री चिंगी लंगडायला लागली म्हणून सोमवारी तिला नेहमीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. बुधवारी परत नेलं तेव्हा त्याच दवाखान्यात दुसरे डॉक्टर बसले होते. त्यांनी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, रोज रात्री एक, दहा दिवस. शनिवारी संध्याकाळी तिला डांबरासारखी काळी शी झाली. मी फोन केला. काउंटरवरच्या मुलीने आत विचारून सांगितलं, गोळ्या चालू ठेवा, सोमवारी आणा. रविवारी दुपारी रक्ताची उलटी झाली. दुसऱ्या रुग्णालयात रात्रीच ऑपरेशन केलं, जठराला भोक पडलं होतं. बुधवारी पहाटे ती गेली. आम्ही तिला पुरलं, पोस्टमॉर्टेम केलं नाही. आता पहिला दवाखाना म्हणतो, आमचं बिल परत देतो, ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करा. नवरा म्हणतो, घे आणि विषय संपव, कोर्ट कुत्र्याची काय किंमत करणार? केसपेपर त्याच्याच नावावर आहे. मला पैशांचं काही नाही. चूक झाली एवढं कुणीतरी म्हणावं. उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये आहेत, बघवत नाहीत, टाकून देणार आहे. केसपेपरचा फोटो सोबत जोडते.

उत्तर:

ताई, सही करू नका आणि गोळ्या टाकू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचा फोटो मी मोठा करून दोनदा पाहिला. एकच पान आहे. वर निळ्या शाईत सोमवारची तारीख, वजन, ताप आणि स्टेरॉइडचं नाव, मात्रेसकट. खाली काळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, बुधवारची तारीख आणि वेदनाशामक गोळी. मध्ये चार ओळी. बुधवारच्या डॉक्टरांची नजर चार ओळी वर गेली असती तर ती गोळी लिहिली गेली नसती, निदान त्या दिवशी तरी नाही. तुमचं सगळं प्रकरण या पानावर उभं आहे, म्हणून मी इथूनच सुरुवात करते.

जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून वाचवणारे काही घटक शरीर स्वतः तयार करतं. स्टेरॉइड ते कमी करतं आणि ही वेदनाशामक औषधंही तेच कमी करतात. दोन्ही एका वेळी शरीरात असली की व्रण होण्याचा, पुढे भोक पडण्याचा धोका चांगलाच वाढतो. त्यामुळे एक थांबवून दुसरं सुरू करताना मध्ये काही दिवस मोकळे सोडायचे, हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवलेलं असतं. डांबरासारखी काळी शी म्हणजे आतड्यातून पुढे गेलेलं, पचलेलं रक्त. वेदनाशामक चालू असताना ती दिसली तर गोळी थांबवून लगेच तपासायला बोलवायचं. तुम्हाला उलटं सांगितलं गेलं. म्हणजे चुका दोन आहेत, एक बुधवारची आणि एक शनिवारची. तक्रारीत त्या वेगवेगळ्या मांडा. एक डगमगली तरी दुसरी उभी राहते.

आता ‘निष्काळजीपणा’ या शब्दाबद्दल, कारण पत्र लिहिणारे बहुतेक जण इथे घसरतात. प्राणी दगावला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही जनावर जातं. भूल सोसत नाही, ऑपरेशननंतर गुंतागुंत होते, निदान हुकतं. कोर्ट विचारतं ते एवढंच, की त्या जागी साधारण कुवतीचा, सावध डॉक्टर असता तर त्याने हे केलं असतं का? ही कसोटी 1957 साली इंग्लंडमध्ये बोलम खटल्यात मांडली गेली. तो खटला माणसावरच्या उपचारांचा होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जेकब मॅथ्यू प्रकरणात तीच कसोटी धरली, आणि पशुवैद्यांच्या प्रकरणांतही अनेक ठिकाणी याच वाटेने विचार होतो. तुम्हाला दाखवायच्या आहेत तीन गोष्टी: त्यांची जबाबदारी होती, त्यांनी ती पाळली नाही, आणि चिंगी त्यामुळेच गेली. पहिल्या दोन तुमच्या पानावर आहेत. खरी झटापट तिसरीवर होईल. समोरचा वकील म्हणेल, कुत्री नऊ वर्षांची होती, व्रण आधीचा असेल, मूत्रपिंड आधीच खराब असेल, घरात काही खाल्लं असेल.

पोस्टमॉर्टेम झालं नाही याची खंत तुमच्या पत्रात दिसते. ती सोडा. तुमच्याकडे पोस्टमॉर्टेमच्या जवळपास जाणारी गोष्ट आहे: रविवारी रात्री एका सर्जनने पोट उघडून ते भोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ऑपरेशनची नोंद, भोक कुठे होतं, केवढं होतं, फोटो काढले का, कडेचा तुकडा तपासायला पाठवला का, त्या रात्रीचे रक्ताचे रिपोर्ट, सगळ्याच्या प्रती मागा. मूत्रपिंडाचे आकडे त्या रिपोर्टात असतील, म्हणजे तो मुद्दा कागदावरच निकालात निघेल, या बाजूला नाही तर त्या बाजूला. (इतर वाचकांसाठी: संशय असेल तर शव फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठलेल्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते. थंड ठेवा, आणि शक्यतो त्याच दिवशी, उपचार न केलेल्या तिसऱ्याच ठिकाणी न्या.)

या सर्जनकडे जाताना एक काळजी घ्या. ‘पहिल्या डॉक्टरांची चूक आहे असं लिहून द्या,’ असं म्हणालात तर ते हात झटकतील. एका पेशातली माणसं एकमेकांविरुद्ध सहसा लिहीत नाहीत, आणि त्यांना उद्याही त्याच वर्तुळात राहायचं आहे. त्यांच्याकडे फक्त काय दिसलं ते मागा. का झालं, हे तुमच्याशी किंवा त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाने लिहावं. पशुवैद्यक महाविद्यालयातले औषधशास्त्राचे किंवा शस्त्रक्रियेचे प्राध्यापक यासाठी बरे. त्यांना गोष्ट सांगत बसू नका, कागद द्या.

कधी कधी चूक इतकी ढोबळ असते की पुराव्याचं ओझंच दुसऱ्या खांद्यावर जातं. जर्मनीतलं एक प्रकरण मला फार आवडतं. एका घोड्याच्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला जखम झाली होती. पशुवैद्याने जखम शिवली, पण हाडाला चीर गेली आहे का हे तपासलं नाही. तीन दिवसांनी त्याच पायाचं हाड पुरतं मोडलं आणि घोड्याला दयामरण द्यावं लागलं. डॉक्टरचा बचाव असा, की मी तपासलं असतं तरी हाड मोडलंच नसतं हे आधी तुम्ही दाखवा. 2016 च्या मे महिन्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं, की उपचारातली चूक ठळक असेल तर माणसांच्या डॉक्टरांना जो नियम लागतो तोच पशुवैद्यालाही लागेल. आपल्या चुकीमुळे हानी झाली नाही, हे त्यानेच सिद्ध करायचं. सगळीकडे असा नियम नाही. पण त्याच पानावर चार ओळी वर लिहिलेलं औषध न वाचणं ही ठळक चूक आहे, असं तुमच्या वकिलाने ठासून मांडावं, मग देश कुठलाही असो.

आता तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते. प्रश्न कडू आहे, पण चुकीचा नाही.

हानी प्राण्याला होते, भरपाई मालकाला मिळते. प्राणी स्वतः फिर्यादी होऊ शकत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये 2018 साली जस्टिस नावाच्या, उपासमार झालेल्या घोड्याच्या नावाने माजी मालकावर दावा लावला होता. तो फेटाळला गेला आणि 2022 साली अपिलातही तेच झालं. बहुतेक कायद्यांच्या लेखी कुत्रं ही अजून मालमत्ता आहे, आणि मालमत्तेची भरपाई बाजारभावाने होते. नऊ वर्षांच्या, जातीचा कागद नसलेल्या कुत्रीचा बाजारभाव किती, हे तुम्हीही जाणता.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये लेसी नावाची जॅक रसेल टेरियर होती. विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात तिला नळीने अन्न द्यायचं होतं, ती नळी अन्ननलिकेऐवजी श्वासमार्गात गेली आणि लेसी दगावली. मालकांनी तिच्यावर आधी झालेला मोठा खर्च आणि तिच्याशी असलेलं नातं, दोन्हींची भरपाई मागितली. 2012 साली तिथल्या अपील न्यायालयाने खालचा निर्णय कायम ठेवला: शेवटच्या उपचारांचे 2,755.72 डॉलर, आणि नव्या कुत्र्यासाठी 350 डॉलर. नात्याचे शून्य. त्याआधी 2009 साली कॅलिफोर्नियाच्या एका अपील न्यायालयानेही पशुवैद्याच्या चुकीच्या प्रकरणात मालकिणीच्या मानसिक क्लेशांची भरपाई नाकारली होती. टेनेसी राज्याने मात्र 2000 साली, एका सिनेटरचं टी-बो नावाचं कुत्रं गेल्यानंतर, सोबत गमावल्याच्या दुःखापोटी ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई देणारा कायदा केला. आणि त्यातून पशुवैद्यांच्या व्यावसायिक निष्काळजीपणाचे दावे वगळले. मला हे वाचून हसावं की रडावं कळलं नव्हतं.

युरोपात चित्र थोडं निराळं आहे. जर्मन दिवाणी कायदा 1990 पासून म्हणतो की प्राणी वस्तू नाहीत, आणि जखमी प्राण्याच्या उपचारांचा खर्च केवळ त्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे म्हणून अवाजवी ठरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2003 पासून, घरात जिव्हाळ्याने पाळलेला प्राणी दगावला तर त्या जिव्हाळ्याची किंमतही न्यायाधीश धरू शकतात. स्पेनने 2022 पासून तशीच वाट मोकळी केली. भारतात पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून प्रकरण ग्राहक आयोगापुढे नेता येतं. तिथे खर्चाबरोबर मानसिक त्रासाचीही रक्कम मागता येते आणि वकील लावायलाच हवा असं नाही. मात्र सर्वांनाच फुकट सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध हा रस्ता सहसा बंद असतो.

तुम्ही कुठून लिहिताय हे पत्रात नाही, म्हणून सगळीकडे चालेल असं सांगते. तुमचा सगळ्यात भक्कम आकडा दुसऱ्या रुग्णालयाचं बिल आहे. ऑपरेशन, तीन दिवसांची भरती, औषधं, रक्त तपासण्या, हा सगळा खर्च पहिल्याची चूक निस्तरायला झाला. ते बिल पैन् पै मागा. त्याखाली पहिल्या दवाखान्यात त्या आठवड्यात दिलेले पैसे. त्याखाली चिंगीची किंमत म्हणून काही. आणि दुःखाची रक्कम सगळ्यात शेवटी, कायदा परवानगी देतो तिथे, आवरून. मोठा आकडा टाकला की खालचे खरे आकडेही न्यायाधीशाला फुगवलेले वाटायला लागतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. गाय, म्हैस, घोडा, म्हणजे ज्यावर घर चालतं असं जनावर असेल तर हिशेब वेगळा. तिथे बाजारभावही मोठा असतो आणि बुडालेलं उत्पन्नही मागता येतं. पाळीव कुत्र्या-मांजरांपेक्षा असे दावे कोर्टाला सोपे जातात.

पण तुम्ही लिहिता, तुम्हाला पैशांचं काही नाही. मग ‘चूक झाली’ हे कुणी म्हणायचं आहे? डॉक्टरांनी, की कुठल्या अधिकारी जागेने? डॉक्टर गप्प का आहेत याचं एक साधं कारण तुम्हाला माहीत असावं. बऱ्याच पशुवैद्यांचा व्यावसायिक विमा असतो, आणि विमा कंपनी आधीच बजावते की आम्हाला विचारल्याशिवाय काही कबूल करू नका. त्यामुळे ज्या डॉक्टरला आतून चूक कळलेली असते, तोही पडेल चेहऱ्याने बिल परत करतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. याने तुमचा राग कमी व्हावा असं मी म्हणत नाही.

अधिकारी जागा म्हणजे पशुवैद्यांची नोंदणी करणारी परिषद. जवळपास प्रत्येक देशात ती असते. भारतात 1984 च्या कायद्याखाली आहे, ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज आहे. तिथे केलेल्या तक्रारीतून तुम्हाला एक पैसाही मिळत नाही. पण डॉक्टरला उत्तर लेखी द्यावं लागतं, आणि तुमचं पान दुसऱ्या पशुवैद्यांच्या टेबलावर जातं, ज्यांना चार ओळी वर काय लिहिलंय ते समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक साध्या चुकीवर परिषद कारवाई करत नाही, गंभीर गैरवर्तनच पाहते, हेही लक्षात ठेवा. तरी तुम्हाला जे हवंय त्याच्या सगळ्यात जवळचा दरवाजा मला हाच वाटतो. तक्रार बुधवारच्या डॉक्टरांच्या नावाने करा. शनिवारी काउंटरवरच्या मुलीने नेमकं कुणाला विचारलं, हे दवाखान्याला लेखी विचारा. तिला स्वतःला यात ओढू नका.

पैशांचा दावा आणि परिषदेची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही करता येतात. फक्त मुदत पाळा. कॅलिफोर्नियात पशुवैद्यावर दावा लावायला एकच वर्ष मिळतं, भारतात ग्राहक तक्रारीला दोन वर्षं, इंग्लंडमध्ये सहसा सहा. दुःख ओसरल्यावर बघू म्हणणाऱ्यांची मुदत निघून गेलेली मी पाहिली आहे.

आता तो कागद. ‘काही तक्रार नाही’ या तीन शब्दांत पैशांचा दावा तर जातोच, परिषदेची तक्रारही करणार नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं. मसुदा घरी मागवा. देत नसतील तर तेवढ्यावरूनच ओळखा. तडजोडीच्या मी विरोधात नाही. उलट, दुसऱ्या रुग्णालयाचं पूर्ण बिल, स्वतःचं बिल, आणि ‘आधीच्या नोंदी न पाहता औषध दिलं गेलं’ एवढं एक वाक्य लेखी, हे तिन्ही मिळत असेल आणि परिषदेकडे जायची मोकळीक राहत असेल, तर मी म्हणेन घ्या. कोर्टात याहून फार जास्त मिळेल असं नाही आणि वर्षं जातील. नुसतं त्यांचंच बिल परत घेऊन सही करणं म्हणजे त्यांनी केलेल्या चुकीचा खर्च तुम्ही भरणं. उपचाराच्या वेळी संमतीपत्रावर केलेल्या सहीची धास्ती मात्र नको. ती ज्ञात धोक्यांसाठी असते, हलगर्जीपणाला माफी म्हणून नसते.

केसपेपर नवऱ्याच्या नावावर आहे ही अडचण नाजूक आहे. कायद्याच्या नजरेत गिऱ्हाईक कदाचित तोच ठरेल, आणि तुमच्या आधी त्याने त्या कागदावर सही केली तर तुमच्या हातात फारसं काही उरणार नाही. म्हणून आजच त्याच्याशी बोला. दुसऱ्या रुग्णालयाचं बिल कुणी भरलं ते पाहा; तुमच्या खात्यातून गेलं असेल तर तुमचाही हक्क दिसतो. त्याला कोर्ट नको असेल तर नसू दे, परिषदेच्या तक्रारीवर एकट्या तुमची सही पुरते का ते विचारून घ्या, सहसा पुरते. त्याला निदान एवढं तरी मागा, की महिनाभर कुठेही सही करणार नाही.

तोवर सोशल मीडियावर लिहू नका. लिहायचंच असेल तर तारीख, औषध, फोन, ऑपरेशन, एवढंच. ‘खुनी’ लिहिलंत की बदनामीची नोटीस तुमच्या दारात, आणि मग बोलणं त्यांच्या चुकीचं राहत नाही.

फोनमधला शनिवारचा कॉल दिसतो तो स्क्रीनशॉट काढून ठेवा, वेळ आणि किती मिनिटं बोललात ते दिसेल असा. आणि पहिल्या दवाखान्याकडे केसपेपरची पूर्ण प्रत मागणारा अर्ज उद्याच द्या, पोच घेऊन. तुमचा फोटो आहे हे त्यांना सांगायची गरज नाही. दोन्ही प्रती जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या, मध्ये एखादी ओळ नव्याने उगवली, तर वकिलाला आधी तेच दाखवा.

राहिल्या गोळ्या. दहाची पट्टी, बुधवार रात्रीपासून रोज एक. हिशेब मी केला: चार गेल्या असतील, सहा उरल्या असतील. चौथी शनिवारी रात्रीची, ‘चालू ठेवा’ असं सांगितल्यानंतरची. तुम्ही सांगितलेला डोस पाळलात, जास्त दिला नाही, हे ती पट्टी सांगते, मागे बॅच नंबर आहे. पाकिटात घाला, वर आजची तारीख आणि सही करा, आणि बघवत नसेल तर शेजारच्या कुणाकडे तरी ठेवायला द्या.